तीनशे एक्याण्णवावा तास

उद्यमबागेत आठ नंबरच्या शेडमागं
एक खोली आहे, जिच्यात रस्ता नाही,
आणि दिवसाला इथून दिल्लीएवढं अंतर तिथं कापलं जातं.

चार बोल्टांवर इंजिन.
ना चाक, ना सीट, ना हेडलाईट.
काचेअलीकडं मी, आणि एक वही.

डायनो त्याला मागं ओढतो,
म्हणजे त्याला वाटावं चढ आहे,
मागं बायको, मधे पोर, टाकीवर तांदळाचं पोतं.
किती पोतं, किती चढ, किती वेळ,
ते पुण्यातल्या कुणीतरी लिहून पाठवलंय.
दर सहा तासांनी उकळतं पाणी काढून
गार पाणी सोडायचं:
विजापूरच्या मे महिन्यातून
एका दमात आंबोलीच्या धुक्यात.

पहिल्या दिवशीच मुतगेकर फोरमन म्हणाला होता,
"सांभाळायला नाही ठेवलंय तुला.
मोडायचं ते इथं मोडू दे. घाटात नको."

त्याचा जुळा भाऊ बाहेर असतो.
भरमा हलगेकर पहाटे पाचला काढतो त्याला,
टाकीवरच्या नावावर काळी टेप लावून,
पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला,
आणि परत, आणि पुन्हा.
चहाच्या टपरीवर विचारतात, कुठली रे गाडी?
भरमा म्हणतो, बारसं व्हायचंय अजून.
पाटीवरच्या एका अक्षरावरनं दगड उडतात त्या आमच्या मुलखात
ही एवढी एकच बिननावाची
सुखानं हिंडते.

रात्री तीन दहा. तीनशे एक्याण्णवावा तास.
तेल एकशे अठरा. दाब बरोबर. फेरे आठ हजार दोनशे.
पडद्यावर सगळं हिरवं.
तरी काहीतरी होतं,
भात खाताना दाताखाली खडा यावा,
एकदाच, आणि पुढच्या घासाला नसावा, तसं.

आयडलला आणलं. आत गेलो.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर,
मूठ कानामागच्या हाडावर.
मुतगेकरानं शिकवलेलं.
टक्.
दर दोन फेऱ्यांना एकदा.
म्हणजे खाली क्रँकमधे नाही. वर. कॅमकडं.

लाल बटण दाबलं.
सोळा दिवसांनी ती खोली गप्प झाली
आणि ट्यूबलाईटही आवाज करते हे मला कळलं.

साडेआठला शिवलीला हुद्दारनं झाकण उघडलं,
भिंगाखाली कॅम धरला.
"इष्टेना?"
"इष्टे," मी म्हणालो.
अर्ध्या तिळाएवढा खड्डा.
पृष्ठभाग जितका कडक हवा होता तितका झाला नव्हता.
तिनं बॅच नंबर वाचून दाखवला, मी लिहिला,
मग हातातलं पेन थांबलं.
मच्छेतली ती भट्टी. मार्चमधली रात्रपाळी.
माझ्या मेहुण्याची.

त्याला फोन केला. करायला नको होता.
"काय करूलालास? अर्ध्या तिळासाठी
माझ्या पोटावर येऊलालास?"
मी गप्प. तोही गप्प.
पलीकडं भट्टीचा पंखा ऐकू येत होता,
एकसारखा, काही दोष नसलेला.

पेनानं लिहिलेलं खोडायचं नाही, असा नियम आहे.
तेवढ्यात शिवलीला म्हणाली,
"बाहेरच्या गाडीत कुठली बॅच?"

वही चाळली.
तीच.

भरमाचा फोन लागेना. कणकुंबीनंतर रेंज नसते.
नऊ. साडेनऊ. मुतगेकरानं जीप पाठवली.
मेहुण्याचा फोन दोनदा येऊन गेला.
मी गेटवर उभा, हातात तोच स्क्रूड्रायव्हर.
रस्त्यानं येणारी प्रत्येक मोटरसायकल
मी दुरूनच, डोळे मिटून, ऐकत होतो.

अकराला वीस कमी असताना तो आला.
अंगावर धूळ, पिशवीत कुणीतरी दिलेले फणसाचे गरे.
"काय झालं? सगळे गेटवर का?"
कुणी बोललं नाही.
"बंद करू नको," मी म्हणालो,
गुडघ्यावर बसलो
आणि तापलेल्या कव्हराला टोक लावलं.