दहानंतर

धनकवडीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत,
बाबांनी जम्बोचं कॉकपिट तिसऱ्या मजल्यावर चढवलं
दोन वर्षं, पिशवीपिशवीनं.
जुन्या बाजारात घासाघीस करून आणलेला
इंधनाचा एक काटा तेवढा खरा.
बाकी प्लायवुड, सायकलच्या तारा,
आईच्या शिलाई मशीनचं चाक.
रंग मात्र तोच हवा होता, मळकट तपकिरी.
लावून झाल्यावर थ्रॉटलच्या मुठीशी
पॉलिशपेपरनं घासून काढला:
"इथे उडालेलाच असतो. हात लागून लागून."

आज धुकं आहे. बाबांनीच घातलंय.
मला डावीकडे बसवतात, कॅप्टनच्या जागी,
मी बँकेत कर्जाच्या फायली तपासते तरी.
स्वतः मागे, तिसऱ्या खुर्चीत.
नंतरच्या विमानांनी ती खुर्चीच काढून टाकली.

"हात लावू नकोस. जवळ ठेव."
विमान आपलं आपण उतरतंय.
थ्रॉटल मागेपुढे होतात,
कुणी न दिसणारं कणीक तिंबत असल्यासारखे.

उंची सांगणारा आवाज
प्रोग्रॅममध्ये आयता होता, खणखणीत.
तो बंद केलाय.
"ते माझं काम होतं."

काचेत नुसतं पांढरं.
"फिफ्टी."
ॲटॅकनंतर माझं नाव घेतानाही अडखळणारी जीभ
इथे अडखळत नाही.
"थर्टी."
स्वयंपाकघरातला मिक्सर थांबतो.
नाक सावकाश वर.
"टेन."

दहानंतर काही म्हणायचं नसतं.