जोडीला कोण

रुवीत रात्री साडेनऊला बेल वाजली.
मोंडकर. हातात हलव्याचा डबा,
मत्रहच्या दुकानातला, केशराचा, किलोचा.
किलोचा म्हणजे काम मोठं असणार.

मंडळाची निवडणूक सतरा दिवसांवर आलेली.
अध्यक्षपदाला ते उभे, हे अख्ख्या मस्कतला ठाऊक.
जोडीला कोण, ते अजून त्यांनाही नाही.

बसले. एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत
टपकत होतं, तेवढाच आवाज.
मग खिशातून लाँड्रीची पावती काढली,
तिच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेलं सगळं.
"हे बघा मॅडम, मालवण, देवगड, वेंगुर्लं माझंच.
पुणं समोरच्याचं, ते सोडा.
राहिले वऱ्हाडचे अडतीस. आणि बायका.
आणि सोहारचे रिफायनरीवाले,
ते काय, बस कोण पाठवतो त्याचे.
तुम्ही यवतमाळच्या. शिवाय तुम्ही बाई.
एका नावात दोन कामं होतात."

मी चहा ठेवला. साखर विचारली नाही.
दिवसभर लॅबमध्ये मीही हेच करते,
कुणाचं रक्त कुणाला चालतं,
कुणाचं कुणात मिसळलं की गुठळ्या होतात.
पावती ओळखीची वाटली.

"गुळवणींना का नाही घेत?"
"ते माइक धरला की सोडत नाहीत."
आणि माझ्यापेक्षा बरं बोलतात,
हे ते म्हणाले नाहीत.
हलव्यावरच्या बदामाकडे बघत राहिले.

"मग ढेंगळे?"

किसन ढेंगळे. वादी कबीरच्या गॅरेजात
ठोकलेल्या गाड्या सरळ करतो.
रात्री दोनला कुणी गेलं की फोन त्याला.
पोलिसांचा कागद, इस्पितळाचा कागद, वकिलातीचा कागद,
कार्गोच्या खिडकीशी उभं राहून
पेटीवरचं नाव बरोबर लिहिलंय का
ते बोटाने वाचणं.
गेल्या वर्षी नऊ जण घरी पोचवले त्याने.
एकाच्या आईला म्हणाला, झोपेतच गेला, मावशी.
तो झोपेत गेला नव्हता.

"माणूस सोन्यासारखा," मोंडकर म्हणाले, "पण..."
आणि तो पण
डब्याशेजारी तसाच ठेवला,
झाकण न लावता.

"उपाध्यक्षाला काम काय असतं हो?"
"काही नाही. दीपप्रज्वलनाला शेजारी उभं राहायचं.
फोटोत डावीकडे."
"आणि अध्यक्षाला काही झालं तर?"
हसले. "मला काय होतंय?
शुगर आहे थोडी, तेवढंच."

थोडी नाही. मंगळवारी मीच बघितली होती,
आकडा दोनदा तपासला होता.
बोलले नाही. आमच्याकडे तसा नियम आहे.
हलव्याचा डबा मात्र
हळूच माझ्या बाजूला ओढून घेतला.

आता वाटतं, नाही म्हणायला हवं होतं.
निदान ढेंगळेचं नाव पुन्हा एकदा घ्यायला.
पण बारा वर्षं या गावात
मला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं.
वजाबाकी करून का होईना,
आपलं नाव शेवटी उरलं
हे ऐकून आत काहीतरी सुखावलं, लाज वाटावी इतकं.
फॉर्म त्यांनी भरूनच आणला होता.
सहीपुरती जागा मोकळी.

दारात बूट घालताना ते वाकले,
भिंतीला हात टेकला, क्षणभर तसेच थांबले.
मी विचारलं, "तुमच्याकडे ढेंगळेचा नंबर आहे ना?"

"आहे की," म्हणाले,
आणि फोन खिशातच ठेवून,
लेस बांधता बांधता,
आठही आकडे सांगितले.