पान दोनशे बारा

कॉलेज रोडच्या थिएटरात मध्यंतर झालं
तरी नावाडी आला नव्हता.
राजवाडा आला, उलटी वाहणारी नदी आली
(पाणी जरा जास्तच निळं),
काचेचे पंख लावलेली सेना तर दोनदा आली,
एकदा धुक्यातून, एकदा गाण्यातून.
मी पॉपकॉर्न तसंच धरून
खुर्चीच्या कडेवर बसलेली,
एक-शून्यने मागे असताना बसते तशी.
म्हणजे नेहमीचीच.

आमचं कॉलेज फुटबॉलमध्ये हरतं.
ही तक्रार नाही, हवामान आहे.
डिसेंबरात ओठ फुटतात, मार्चात द्राक्षं उतरतात,
आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत
आम्ही उपांत्यपूर्व फेरीच्या अलीकडेच
सामान आवरतो.
पास होऊन बावीस वर्षं झाली. अजून जाते,
शनिवारी बँकेतून परस्पर,
पर्समध्ये निळा-पिवळा मफलर,
घरी सांगून की भाजी घेऊन येते.
हेरंब गायधनी भेटतो. आता मेडिकलचं दुकान आहे त्याचं,
पोट आहे, मुलगी बारावीला आहे;
रेफ्रीला शिव्या मात्र त्याच,
अस्सल, लयदार, पंचवटीच्या.

तेव्हा आमच्याकडे इम्मानुएल साळवे होता.
शरणपूरचा. राखीव. जर्सी सोळा.
तीन वर्षं तो रेषेच्या बाहेर धावला,
गुडघे छातीपर्यंत उचलत,
ऐनवेळी हाक आली तर अंग गरम असावं म्हणून.
हाक आली नाही.
सामना संपला की जाळीतून चेंडू काढून आणायचा,
बहुतेक वेळा आमच्याच जाळीतून,
आणि सदऱ्याने पुसायचा.
त्याच हिवाळ्यात मी ती कादंबरी वाचत होते.
चार खंड, वाचनालयाचे,
तिसऱ्याला कसर लागलेली.
हाफटाइमला वाचायची.
हरणं पक्कं झालं की त्यानंतरही.

सिनेमा संपला. नावाडी आलाच नाही.
आर्जवी म्हणाली, मावशी, ते पंख! कसले भारी!
मी म्हटलं, आणि नावाडी?
कोण नावाडी?
मग स्कूटरवर, वाऱ्याशी भांडत,
होळकर पुलापर्यंत सांगत सुटले:
अगं, सगळे पंख लावून पलीकडे जातात,
त्याला कुणी विचारत नाही,
तरी तो रोज नाव धुतो,
थंडीत जागच्या जागी धावतो, गुडघे असे वर,
कंदिलाची काच सदऱ्याने पुसतो...
खाली गोदावरी, तिच्या ठरलेल्या दिशेने.
सिग्नलला ती म्हणाली,
हे का नाही घेतलं त्यांनी?
दिग्दर्शकाला मी तिथल्या तिथे लाल कार्ड दिलं.

रात्री रद्दीवाल्याकडून कधीतरी उचललेली प्रत काढली.
पान दोनशे बारा.
'काठावर एक नावाडी होता.
त्याला कुणी हाक मारली नाही.'
बस्स.
कंदील नाही. थंडी नाही. गुडघे तर नाहीतच.
मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं,
बाइंडिंगमध्ये काही अडकलंय का, तेही पाहिलं.
बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या
आणि मी कुणाचा सिनेमा
इतकी वर्षं चालवतेय, ते मोजत होते.

काल चार-शून्य.
दोन मिनिटं उरली तेव्हा
सरांनी एका काडीच्या पोराला आत पाठवलं.
चेंडू त्याच्या वाट्याला एकदाच आला,
थ्रो-इनचा.
फेकताना मागचा पाय उचलला गेला.
शिटी. चुकीचा थ्रो.
हेरंबने तोंड उघडलं, पण काहीच बोलला नाही.
पोरगं आपल्याच हातांकडे बघत राहिलं,
मग हसलं,
आणि सामना संपल्यावर जाळीकडे गेलं,
चेंडू आणायला.

भाजी राहिली.
आर्जवीला सांगायचंय.
किती वाढवायचं, ते पुलापर्यंत ठरेल.