सरळ रेषेत

सोनेगाव ते ओझर
साडेपाचशे किलोमीटर, सरळ रेषेत.
दीड तास. वारा आडवा आला
तर दहा मिनिटं वर.

दोन्ही हातांत केशरी दांडे घेऊन
मी त्याला धावपट्टीकडे वळवून देतो,
मग कानांवरची झाकणं काढतो,
डबा उघडतो. रात्रीचीच भेंडी.

तिकडे मंदा रात्रपाळी संपवून
बसथांब्यावर उभी. फोन करते :
“आलं जी तुमचं. चाकं काढली खाली.”
जणू मीच उतरतोय.

मी जातो दिवाळीला, बसनं,
चौदा तास, मेहकरला चहा,
गुडघे समोरच्या सीटला रुतलेले.

काल म्हणाली,
“काहून बसत नाही जी एकदा त्यात?”
म्हटलं, मग हात कोण दाखवेल?

हसली नाही.
तिच्या मागे बस थांबल्याचा
आवाज आला.