मापाची वही

दुकानात माझ्या दोन वह्या.
एकीत जिंतूरभरच्या बायांचे खांदे, बाह्या, उंच्या.
दुसरीत एकटी तू.

आधी एकच होती.
काझीबाईंच्या कुडत्याच्या पानामागं
घाईत लिहून ठेवलं: उपाशीपोटी दोनशे बारा.
कापायला बसलो आणि तो आकडा
कुडत्याची उंची समजून खडूनं ओढायला निघालो,
तेव्हा शंभर पानी वेगळी आणली.

रोज तू उठायच्या आधी
टेप तुझ्या घोट्याभोवती फिरवतो.
पहिले दोन इंच झिजून गेलेत तिचे,
म्हणून दहापासून मोजतो, दहा वजा करतो,
पस्तीस वर्षांची सवय.
उजवा पावणेदहा. काल नऊ होता.
म्हणजे पाणी साचलंय,
म्हणजे परभणीला फोन,
म्हणजे पलीकडची पोरगी म्हणणार, होल्ड करा काका.

किडनीचे डॉक्टर परभणीला. हृदयाचे नांदेडला.
साखरेचे इथंच, बसस्टँडसमोर.
डोळ्यांचे जालन्याला, वर्षातून दोनदा.
चौघंही भले, तुझ्याशी हसून बोलतात.
एकमेकांशी मात्र कधीच नाही.
एकाची गोळी दुसरा बंद करतो,
तिसरा तीच नव्या नावानं लिहून देतो.
एक म्हणतो भरपूर पाणी प्या,
एक म्हणतो दिवसाला लिटरभर, आमटीसुद्धा त्यातच धरा.
एकाच कापडाला चार शिंपी चार कोपऱ्यांनी लागले
की मधे चुण्या पडतात.

तुझ्या भावानं मोसंब्यांची पिशवी आणली.
तू एक उचललीस, सालीला नख लावलंस, हुंगलीस,
आणि पिशवी शेजारच्या लेकरांना दिलीस.
मी लिहिलं: मोसंबी एक, फक्त वास.

नांदेडच्या नव्या मॅडमनी वही मागून घेतली.
बाहेर नंबर लागलेले, आत त्या पानं उलटवायल्या.
एका पानावर बोट थांबलं:
"ही गोळी सुरू झाली त्या आठवड्यापासून घोटा वाढायलाय."
मग त्यांनी परभणीला फोन लावला.
मी खुर्चीच्या कडेवर.
चार मिनिटं दोन डॉक्टर तुझ्याविषयी बोलले.
नाव तीनदा आलं, पूर्ण, बापाच्या नावासकट चुकीचं,
पण आलं.
त्या रात्री मी चार मिनिटं असंही लिहिलं. कशासमोर लिहावं ते कळेना.

तू म्हणालीस,
"लिहायलाव लिहायलाव, बघू द्या की एकदा."
खिडकीशी धरून वाचलीस.
"मंगळवारी मी ताट फेकलं, ते कामून नाही लिहिलं?"
"ते कशाला?"
"वजन लिहिता, मीठ लिहिता. राग नाही का मोजायचा?"
आणि मग, वही मिटून,
"बाहीचं तरी बघा. दर खेपेला सिस्टर बाही काखेपर्यंत कोंबतेय.
शिंप्याची बायको हाय मी."

वर्षभर त्या डाव्या हातावर रोज बोटं ठेवली,
कातडीखालची थरथर चालू आहे ना बघायला.
मशीन चालतं तशीच. बंद पडू नये
म्हणून श्वास रोखून बसायचो,
आणि बाही दिसली नाही मला.

कापली. खांद्यापासून दंडापर्यंत उभी उघडणारी,
आत मऊ पट्टी, चापाची पाच बटणं.
पहिली चुकली, बटण बरोबर सुईच्या जागी यायलं.
दुसरी जमली. निळ्या खणाची.
तू आरशासमोर तीनदा उघडलीस, तीनदा लावलीस,
टक टक टक टक टक.

गुरुवारी परभणीला, शेजारच्या खाटेवरून
सेलूच्या कौतिकाबाईंनी मान वळवली.
"ही कुठं शिवली गं?"
तू माझ्याकडं हनुवटी केलीस.
टेप खिशात होती. वह्या दोन्ही जिंतूरला.
त्यांचा मोकळा दंड मापला, दहा वजा केले,
आणि आकडा तळहातावर लिहून घेतला.