दोन हजार विड्यांचा डबा

दुपारी दोनला पत्र्याखाली
पंखा तीच तापलेली हवा परत परत वाटतो.
सुपात तंबाखू, मांडीवर पोर,
आणि दारात कुणी ना कुणी.

"पालु वस्तुन्नाया?"
दूध येतंय का, गल्लीतली प्रत्येक बाई विचारते,
नळ आला का विचारावं तसं.
नळाचं बरं असतं.
पाच दिवसांनी आला तरी शिव्या
महापालिकेला पडतात, नळाला नाही.

सिव्हिलची सिस्टर म्हणाली, सहा महिने फक्त अंगावरचं.
वरचा थेंब नको, पाणीसुद्धा नको.
मे महिना. तिच्या टेबलावरच्या बाटलीला घाम फुटलेला.
गज्जमवहिनी म्हणाल्या, हाताला तंबाखू तुझ्या, पाजूच नकोस.
आई फोनवर: अळीव खा. शेपू खा. रडू नको, आटतं.
पुण्याची जाऊ म्हणाली,
अगं, मनावर घेतलं की सगळ्यांना येतं.

मनावर.
मन पण पिळून पाहिलं एका रात्री.

कारखान्यात चेकर कट्टे उलटेपालटे करतो,
बारीक, फुटकी, सैल वळलेली बाजूला टाकतो.
छाट म्हणतात त्याला.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त बोलायची माझी सासू, अंबुबाई.
"पाच पाजली मी. एका हातानं पोर, एका हातानं कात्री."

पोराची लंगोटं दिवसदिवस कोरडी राहायला लागली
तेव्हा साखर पेठेतून डबा आणला मी.
दोन हजार विड्यांचा.
टॉवेलात गुंडाळून पानांच्या पोत्यामागं लपवला,
चोरीचा माल असावा तसा.

रात्री जाग आली तर स्टोव्हचा निळा उजेड.
ती उकिडवी बसलेली. डबा उघडा.
सुरीच्या पाठीनं चमच्यावरची पावडर सपाट करत होती,
विडीचं तोंड दुमडते तितकी नेटकी.
"कुणाला सांगू नको," म्हणाली.
मग बराच वेळ पाण्याकडंच बघत राहिली.
"याचा बाप शेळीच्या दुधावर जगला.
पाच म्हणते मी. पाजली दोनच."

सकाळी बुदव्वा दारात.
"पालु वस्तुन्नाया?"
सासूनं सुपातनं मान वर केली नाही.
"वस्तुन्नाई. न यायला काय झालं?"

पोरानं ढेकर दिला.
मी मोरीत नखांतली तंबाखू घासत होते.
समोरच्या घरात कोडमांच्या सुनेला सातवा लागलाय.
तिला काय विचारायचं,
अजून ठरलेलं नाही माझं.