उताऱ्यात सांगितलेलं नाही

यिंगखौमधला आमचा हमाम पहाटे पाचला तापतो.
गल्ल्यावर मी. कपाटांच्या किल्ल्या, रबरी कडी,
एक ते ऐंशी; त्यातली चौसष्ट
गेल्या हिवाळ्यापासून सापडत नाही.
उजव्या कानात इयरफोन, डावा गिऱ्हाइकांसाठी मोकळा.

उजव्या कानात एक बाई रोज छत्री विसरते.
ग्रंथालयात बघितलंस का, माणूस विचारतो.
बघितलं असतं तर बरं झालं असतं, ती म्हणते.
प्रश्न सतरा: तिने ग्रंथालयात बघितलं का?
मी तीनदा 'हो' लिहिलं.
आमच्या क्रियापदांना काळाचं शेपूट नसतं,
एखादा 'काल', एखादा 'उद्या' सांभाळून घेतो.
आणि या बाईचं न घडलेलंसुद्धा
इतक्या इस्त्रीच्या कपड्यांत येतं
की घडलंच असावं असं वाटतं.

लहानपणी मी ऐकणारी मुलगी होते.
ऐकणारी म्हणजे उलट न बोलणारी.
आता खरंच ऐकायला बसले तर कळतं,
तेव्हा काही ऐकलंच नव्हतं.

डाव्या कानात:
हा टॉवेल ओला आहे.
पाणी आज कोमट का गं?
बियान आजोबा दिसले नाहीत चार दिवस.
यांच्यावर प्रश्न नसतात.

रात्री वाचन. उतारा तिसरा, वामी.
नदीतून निघतात, समुद्रात कुठेतरी अंडी घालतात,
ते कुठेतरी नेमकं कुणी पाहिलेलं नाही.
नऊशे शब्द, वीस मिनिटं, वाफेने फुगलेली पानं.
ओळींखाली पेन्सिलीने माझी बारीक अक्षरं,
मुंग्या लागल्यासारखी.
मग वामी वाटेत थकतात: बरोबर, चूक,
की उताऱ्यात सांगितलेलं नाही?
इथे माझं घोडं अडतं.
हजारो मैल पोहून कोण थकणार नाही?
मी 'बरोबर' लिहिते.
जी बाई लाल पेनाने शेजारी लिहितात:
तुझी दया उत्तरपत्रिकेवर नको.

बाबा लोकांच्या पाठी घासतात.
बावीस वर्षं, मनगटाला पट्टा बांधून.
इंग्रजीचं एक अक्षर येत नाही,
पण भिंतीपलीकडून माझं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून
पाठी घासता घासता एक वाक्य पाठ झालंय.
एक बाजू झाली की ओल्या हाताची थाप मारतात,
"टेन सेकंड्स! चेक युअर आन्सर्स!"
पालथा माणूस हसत उताणा होतो.
बियान आजोबा तर मुद्दाम म्हणायचे,
अजून दहा दे रे, माझी उत्तरं चुकलीत.

परीक्षा दालियानला.
फॉर्मवर माझं नाव उलटं, आधी शुचिन, मग लुआन.
मोठे हेडफोन, दोन्ही कान झाकलेले,
आवाज इतका स्वच्छ की परका वाटला.
या प्राध्यापकाला खोकला नव्हता.
घरच्या रेकॉर्डिंगमधला खोकायचा,
आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात उत्तर असायचं.
एकतिसावा प्रश्न निसटला.
मग दहा सेकंद दिले तपासायला,
आणि मी वेड्यासारखी
थाप पडायची वाट बघत राहिले.
तपासायचं राहूनच गेलं.

बाहेर वारा, खारा. बाबांचा फोन,
मागे कुठलातरी नळ वाहत होता.
पेपर कसा गेला, त्यांनी विचारलं नाही.
म्हणाले, "जेवलीस?"
म्हणाले, "चौसष्टची किल्ली मिळाली.
बियान आजोबांच्या जाड कोटात होती.
सून आणून देऊन गेली."

"सून?" मी म्हटलं.

"हं."

नळ बंद झाला.
मग दहा सेकंद
आम्ही दोघंही काही बोललो नाही.